रुपया वाजवून घ्यावा



गेल्या दिवाळीत मी फसलो. सत्तरी ओलांडलेली, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला, आणि फसलो तेही जुन्या नाण्यात! "आबा, कुणाला सांगू नका," असं नातवानं बजावलं होतं. म्हणून इथे सगळ्यांनाच सांगून टाकतो.

माझ्या आजीकडे अकरा हाली रुपये होते. आमचं भोकर निजामाच्या राज्यात, आणि त्या राज्याचं चलन वेगळं. पूर्वी तिथे गावोगावच्या टांकसाळींची नाणी चालत. प्रत्येकीचा कस वेगळा, त्यामुळे बदलून देताना सावकार बट्टा कापून घेई. ('नावाला बट्टा लागला' आपण म्हणतो, तो बट्टा हाच.) पहिला सालारजंग १८५३ साली दिवाण झाला. त्याच्या कारकिर्दीत हैदराबादच्या टांकसाळीचं एकच नाणं रूढ झालं, ते हाली सिक्का. हाली म्हणजे चालू. इंग्रजांच्या रुपयाला आमच्याकडे 'कलदार' म्हणत, आणि सहा कलदारांना साधारण सात हाली पडत. चारमिनारचं चित्र असलेला रुपया १९०३-०४ पासून आला. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान गेलं, तरी हाली लगेच गेला नाही. तो कायमचा रद्द झाला १९५९ साली. माझ्या लहानपणी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी "हाली का कलदार?" हा प्रश्न अजून होता.

१९७० साली माझ्या कॉलेजच्या फीसाठी आजीनं ते रुपये मोडायला काढले. सराफाच्या दुकानात मी सोबत होतो. सराफानं तोलायच्या आधी आजीनंच एकेक रुपया दगडावर वाजवून दाखवला. दहा खणखणीत वाजले. अकरावा बद्द. सराफ म्हणाला, "राहू द्या आजी, दहाच्या भावात घालून टाकतो." आजीनं तो परत कनवटीला खोचला. "माझ्या गळ्यात कुणीतरी मारला, म्हून म्या दुसऱ्याच्या मारू काय?" एवढंच बोलली.

त्या दहांपैकी एक तरी परत घरात यावा, असं फार वर्षं मनात होतं. मोबाइलवर चारमिनारचा रुपया दिसला, किंमत अठराशे. फोटो पाहिला आणि आजी आठवली. बाकी काही पाहायचं सुचलंच नाही.

पार्सल आलं. रुपया फरशीवर टाकला, तर आवाज बद्द. सोनाराच्या काट्यावर ठेवला तर सव्वानऊ ग्रॅम. खऱ्याचं वजन ११.१८ ग्रॅमच्या आसपास, चांदी शेकडा ८२. मग भिंग घेतलं. चारमिनारच्या कमानीत एक अक्षर असतं. महबूब अली खानाच्या नाण्यावर 'मीम', १९११ ला गादीवर आलेल्या उस्मान अलीच्या नाण्यावर 'ऐन'. वडिलांचं शिक्षण उर्दूतून झालेलं, त्यामुळे अक्षरं आणि आकडे त्यांनी मला ओळखायला शिकवले होते. माझ्या रुपयावर मीम, आणि हिजरी साल १३४३, म्हणजे १९२४-२५! वारलेल्या निजामानं तेरा वर्षांनी नाणं पाडलं होतं. विकणाऱ्याला कळवलं, तर दुसऱ्या दिवशी त्याचं खातंच गायब.

आता काही शहाणपणाच्या गोष्टी, उशिरा सुचलेल्या. पेशवाईत सरकारी भरण्यात नाणी पारखायला पोतदार असे. त्याचं घर, नाव, गाव सगळ्यांना ठाऊक. फोनवर नाणं वाजवता येत नाही, म्हणून निदान विकणारा तरी वाजवून घ्यावा. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो मागा. वजन विचारा. पत्ता, पावती आणि परत घेण्याची लेखी हमी मागा. जो "लवकर करा, दुसरं गिऱ्हाईक आहे" म्हणतो, त्याला त्या गिऱ्हाइकाकडेच जाऊ द्या. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. ते विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो आणि ते देशाबाहेर पाठवता येत नाही. (अमेरिकेतल्या भाचेमंडळींनी हे विशेष वाचावं.)

रामदरबाराचं चित्र आणि १८१८ साल असलेलं 'कंपनी सरकारचं' तांब्याचं नाणं तर कधीच घेऊ नका. कंपनीनं असं नाणं पाडलेलंच नाही. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन इतका दुर्मिळ, की स्वस्तात कुणी देऊ केला तर नमस्कार करून पुढे जावं. आणि वैष्णोदेवीच्या पाच-दहाच्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी कमिशन भरा, असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँक अशा व्यवहारात नसते आणि कमिशन मागत नाही, हे तिनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर तक्रार करावी.

असो. माझे अठराशे गेले ते गेले. नातू म्हणाला, "आबा, तुम्ही पण टाका ना तो विकायला. कुणीतरी घेईलच." हसत म्हणाला, पण खरं सांगतो, क्षणभर मलाही मोह झाला. मग देवघरातला डबा काढला. आजीचा अकरावा रुपया अजून त्यात आहे. त्याच्याशेजारी हा ठेवला आणि नातवाला ती सराफाच्या दुकानातली गोष्ट सांगितली.

दोन्ही रुपये आता तिथेच राहतील. तुमच्याही घरात असा एखादा खोटा रुपया असेल, तर त्याची गोष्ट जरूर कळवा.