नाशिकची छपाई, परक्या देशांचे शीर्षक

तिकीटसंग्राहकांच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक तिकिटाला एक देश द्यावा लागतो, आणि हा देश नेमका कशावरून ठरवायचा, हा प्रश्न जितका नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसने गुंतागुंतीचा केला तितका फार थोड्या छापखान्यांनी केला असेल. १८५५ पासून भारताची टपाल तिकिटे लंडनच्या थॉमस डी ला रू कंपनीकडे छापली जात असत. ते काम १९२६ पासून नाशिकमध्ये होऊ लागले, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत येथील तिकिटे इतर अनेक प्रदेशांच्या नावांखाली नोंदली गेली.

याचे कारण अधिमुद्रण, म्हणजेच ओव्हरप्रिंट. छापून तयार असलेल्या तिकिटावर दुसऱ्या प्रदेशाचे नाव पुन्हा छापले की नवा साचा न कोरता त्या प्रदेशापुरते तिकीट तयार होई. १ एप्रिल १९३७ रोजी ब्रह्मदेश भारतापासून प्रशासकीयदृष्ट्या वेगळा झाला, तेव्हा पंचम जॉर्जच्या भारतीय तिकिटांवर ‘बर्मा’ हे नाव उमटवण्यात आले. कुवेत आणि बहारीन यांची नावेही अशीच भारतीय तिकिटांवर छापली जात, कारण तेथील टपालव्यवस्था भारत सरकारकडे होती. ग्वाल्हेर, पतियाळा, जिंद, नाभा आणि चंबा ही टपाल करार केलेली संस्थानेही याच पद्धतीने कॅटलॉगात स्वतंत्र शीर्षके मिळवून बसली. मस्कतचे प्रकरण मात्र विलक्षण म्हणावे लागेल. नोव्हेंबर १९४४ मध्ये तेथील अल बूसईद घराण्याच्या द्विशताब्दीनिमित्त भारतीय तिकिटांवर अरबी मजकूर छापला गेला, त्यात देशाचे नाव नाहीच, तरीही कॅटलॉग ती मस्कतची मानतो. त्यापूर्वी मस्कतमध्ये वापरलेली, अधिमुद्रण नसलेली भारतीय तिकिटे मात्र भारताचीच राहिली आणि टपालशिक्का वाचूनच ती ओळखावी लागतात.

फाळणीनंतर हा प्रश्न अधिक अवघड झाला. नव्या पाकिस्तानकडे स्वतःची तिकिटे नसल्याने षष्ठ जॉर्जच्या तिकिटांवर ‘पाकिस्तान’ हे नाव नाशिकमध्येच छापून ती १ ऑक्टोबर १९४७ रोजी प्रसृत झाली, आणि पाकिस्तानातील अनेक टपाल कचेऱ्यांनी आपापल्या रबरी शिक्क्यांनी किंवा स्थानिक छापखान्यांत तेच नाव उमटवले. परिणामी संग्राहक आजही ‘नाशिक’ आणि ‘स्थानिक’ अशी वर्गवारी करतात. अक्षरांचे वळण, जाडी आणि शाई पाहून हा निवाडा केला जातो, आणि बनावट स्थानिक छापांमुळे त्यात फसगत होण्याची शक्यताही बरीच असते. नोटांचीही गोष्ट वेगळी नाही: १९४८ मध्ये भारतीय नोटांवर ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ असे इंग्रजीत व त्याच अर्थाचे उर्दूत छापून त्या चलनात आणल्या गेल्या, तर १९५९ पासून आखाती देशांसाठी वेगळ्या रंगांच्या, ‘झेड’ अक्षराने सुरू होणाऱ्या क्रमांकांच्या रिझर्व्ह बँकेच्या नोटा काढण्यात आल्या.

तिकिटावर छापलेल्या नावावरून देश ठरवण्याच्या याच तर्काने पाहिले तर १९५३ ची तिकिटे कोरियाची ठरायला हवीत. तेथील युद्धविरामानंतर मायदेशी परतण्यास तयार नसलेल्या युद्धकैद्यांचा ताबा भारतीय दलाकडे होता आणि त्या दलासाठी भारताच्या पुरातत्त्व मालिकेतील तिकिटांवर ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ असे देवनागरीत छापले गेले. पुढच्याच वर्षी इंडोचीनमधील आंतरराष्ट्रीय आयोगातील भारतीयांसाठी कंबोज, लाओस आणि व्हिएतनाम ही नावे त्याच मालिकेवर आली. देशाचे नाव तिकिटावर स्पष्ट असूनही लंडनच्या स्टॅन्ली गिबन्सच्या कॅटलॉगने ही सर्व तिकिटे भारताच्या शीर्षकाखालीच ठेवली आहेत, कारण ती परदेशातील भारतीय सैनिकांच्या टपालासाठी होती, तेथील सामान्य जनतेसाठी नव्हती. ही कसोटी बव्हंशी योग्य आहे. मात्र कुवेतचे टपालही भारतच चालवत होता, हे लक्षात घेतले तर ती सर्वत्र सारखी लावलेली नाही, हेही मान्य करावे लागते.