किल्ली ज्याच्या कमरेला

मुलांच्या निरीक्षणगृहाची बातमी वर्तमानपत्रात सहसा दोनच प्रकारे येते. एक, आतल्या कर्मचाऱ्यांनी मुलाला मारले. दुसरी, आतल्या मुलांनी कर्मचाऱ्यावर हल्ला केला आणि ती पळाली. पहिली वाचून आपण मुलासाठी हळहळतो, दुसरी वाचून 'काय ही पोरं' म्हणतो आणि पान उलटतो. या दोन बातम्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत असे आपण धरून चालतो. मुलांवरच्या कायद्यांचा इतिहास वाचताना मला मात्र हळूहळू असे दिसू लागले की ही एकच बातमी आहे, फक्त ती दोन टोकांकडून लिहिलेली आहे.

बिहारचे २०१८ हे वर्ष पाहा. त्या वर्षी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' या गटाने राज्यातल्या निवारागृहांची सामाजिक तपासणी करून अहवाल दिला आणि मुजफ्फरपूरच्या मुलींच्या गृहात काय चालले होते ते उघड झाले. तीसहून अधिक मुलींवर अत्याचार झाल्याचे निष्पन्न झाले. ज्यांच्यावर मुलींच्या सांभाळाची जबाबदारी होती, तेच आरोपी होते. फेब्रुवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने मुख्य आरोपीला जन्मठेप दिली. याच राज्यात, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, पूर्णियाच्या निरीक्षणगृहातून पाच मुले पळाली. पळताना त्यांनी तिथल्या 'हाऊस फादर'ला, म्हणजे गृहपित्याला, आणि सतरा वर्षांच्या एका मुलाला गोळ्या घालून ठार केले. काही मुलांना दुसऱ्या गृहात हलवावे अशी शिफारस या गृहपित्याने केली होती, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते.

मुजफ्फरपूरचे गृह निराधार मुलींचे होते, पूर्णियाचे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांचे. दोन्हींची जात वेगळी. पण दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी होती: आत काय चालले आहे हे बाहेरच्या कोणाला वेळेवर कळले नाही. एका ठिकाणी याची किंमत मुलींनी मोजली, दुसऱ्या ठिकाणी कर्मचाऱ्याने आणि एका मुलाने.

हे असे का होते, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

इंग्रजी अमलात गुन्हा करणाऱ्या मुलाचे काय करायचे याचे पहिले सोपे उत्तर छडी हे होते. १८६४ च्या फटक्यांच्या कायद्याने सोळा वर्षांखालच्या मुलाला कैदेऐवजी फटके देण्याची मुभा दिली. सरकारलाही ते स्वस्त पडे. मुलाला ठेवायला, जेवू घालायला नको. ही शिक्षा कायद्याच्या पुस्तकातून पूर्णपणे गेली ती १९५५ साली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर आठ वर्षांनी.

त्याच काळात दुसरा विचारही चालू होता. मुंबईत १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या नावाने मुलांसाठी उद्योगशाळा आणि सुधारशाळा उभी राहिली. १८७६ साली सुधारशाळांचा कायदा आला आणि १८९७ साली तो नव्याने लिहिला गेला. या दुसऱ्या कायद्यानुसार पंधरा वर्षांखालच्या मुलाला तुरुंगाऐवजी तीन ते सात वर्षे सुधारशाळेत ठेवता येई, मात्र अठराव्या वर्षापुढे नाही. कायद्यात 'मुलगा' म्हणजे मुलगाच. मुलींचा विचार त्यात नव्हता. मद्रास इलाख्यात चिंगलपुट, म्हणजे आजच्या चेंगलपट्टू येथे, १८८७ साली अशी सुधारशाळा निघाली. या गावाचे नाव लक्षात ठेवा, आपल्याला तिथे परत यायचे आहे.

या शाळांत सुतारकाम, विणकाम, शेती शिकवत. पण शाळा चालवणारी माणसे कुठून आली? शिक्षक होते, हे खरे. रात्री फाटक सांभाळणारा, मुले मोजणारा, भांडण सोडवणारा माणूस मात्र तुरुंगाच्या मुशीतून आला. आणि तुरुंगाची रीत कोणती होती हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. कमी पगारी माणसांत मोठा तुरुंग चालवायचा, तर कैद्यांमधूनच वॉर्डर आणि पेटी ऑफिसर नेमायचे. सावरकरांच्या 'माझी जन्मठेप'मध्ये ही माणसे पानोपानी भेटतात. सत्ता हाती आलेला कैदी हा कैद्यांचा सर्वांत मोठा जाच असतो, कारण त्याला स्वतःची जागा रोज सिद्ध करावी लागते.

विसाव्या शतकाच्या आरंभी भाषा बदलली. १९१९–२० च्या भारतीय तुरुंग समितीने मुलांसाठी वेगळा कायदा आणि वेगळी न्यायालये सुचवली. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबईने १९२४ मध्ये मुलांचे कायदे केले. मुंबईत १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. १८८२ साली टिळक आणि आगरकर यांनी ज्या डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले, त्याच तुरुंगाच्या जागी पुढे मुलांचे रिमांड होम आले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले, म्हणून ती जागा आपल्याला ठाऊक. तिथे नंतर राहिलेल्या हजारो मुलांपैकी किती जणांना लिहिता आले असेल?

इमारत तुरुंगाची आणि पाटी घराची, हा प्रकार एकट्या डोंगरीचा नाही. देशभर हेच झाले. शब्द बदलत गेले: सुधारशाळा, रिमांड होम, निरीक्षणगृह, विशेष गृह. आतला मुलगा 'बालगुन्हेगार' होता, तो आता कायद्याच्या मराठीत 'विधिसंघर्षग्रस्त बालक' झाला. वॉर्डरचा 'काळजीवाहक' झाला. हे शब्द चांगलेच आहेत, त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. पण काळजी वाहायला जे लागते, ते शब्दाबरोबर आले का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

१९८६ साली पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नका असे बजावले आणि जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगांची पाहणी करायला सांगितले. त्याच वर्षी देशभरासाठी पहिला बाल न्याय कायदा झाला. मग २००० चा आला, मग २०१५ चा. आजच्या कायद्यात कर्मचाऱ्याच्या वर्तनाबद्दल कडक कलमे आहेत. कलम ७५ नुसार सांभाळाची जबाबदारी असलेल्या संस्थेतल्या कर्मचाऱ्याने मुलावर क्रौर्य केले, तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम ८२ नुसार शिस्तीच्या नावाखाली मारले तर पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड, पुन्हा मारले तर तीन महिन्यांपर्यंत कैद; शिवाय नोकरी जाते आणि मुलांसोबत थेट काम करण्यावर बंदी येते.

ही कलमे हवीतच. पण १८६४ पासून २०१५ पर्यंत एका ओळीत वाचले की एक गोष्ट खटकते. मुलाबद्दल, न्यायाधीशाबद्दल, संस्थेच्या नोंदणीबद्दल कायदा बारकाईने बोलत गेला. ज्याच्या कमरेला किल्ली असते तो माणूस मात्र त्यात ठळकपणे येतो तो बहुधा आरोपी म्हणूनच. तो किती मुलांमागे एक असतो, किती तास जागतो, रात्री मदत हवी तर कोणाला हाक मारतो, हे प्रश्न नियमांच्या पुरवण्यांत आणि रिकाम्या पदांच्या तक्त्यांत पडून राहतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये संपूर्णा बेहुरा यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला हेच सांगावे लागले: कायदा आहे, पण तो चालवणाऱ्या पदांवर माणसे नाहीत, ती भरा.

रिकामे पद म्हणजे कागदावरचा नुसता शून्य नव्हे. रात्रपाळीला चार माणसे हवीत आणि एकच आहे असे समजा. तीस-चाळीस मुले, त्यातली काही आजच आलेली, घाबरलेली; काही टोळीत वावरलेली. त्या एका माणसापुढे तीनच वाटा उरतात. पहिली, काठी: एकाला असे मारायचे की बाकीचे गप्प बसतील. दुसरी, मोठ्या दांडग्या मुलाला 'मॉनिटर' करायचे आणि बाकीची मुले त्याच्या ताब्यात द्यायची. म्हणजे जुना पेटी ऑफिसरच पुन्हा. तिसरी, दाराला कुलूप घालून कानाडोळा करायचा. तिन्ही वाटांनी आजची रात्र निभते आणि उद्याची अधिक धोक्याची होते. मार खाल्लेला मुलगा डूख धरतो, मॉनिटर झालेला मुलगा उद्या माणसालाच जुमानत नाही, आणि कुलपाआड काय आत आले हे कोणालाच कळत नाही.

म्हणून मला वाटते, कर्मचाऱ्याचे वर्तन आणि त्याची सुरक्षितता एकाच खात्यात मांडायला हवी. भ्यालेला, एकटा, न शिकवलेला माणूस मारतो. आणि जिथे मारले जाते तिथे तोही सुरक्षित राहत नाही. यामुळे मारणाऱ्याचा गुन्हा कमी होत नाही. क्रूर माणसे असतात, आणि त्यांना शिक्षा व्हायलाच हवी. पण प्रत्येक वेळी एक क्रूर माणूस सापडला म्हणून आपण सुटलो असे समजलो, तर पुढच्या रात्रपाळीचा तक्ता तसाच राहतो.

आता चेंगलपट्टूला परत जाऊ. ३१ डिसेंबर २०२२ रोजी तिथल्या शासकीय गृहात सतरा वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला. त्याच्यावरचा आरोप होता बॅटरी चोरल्याचा. मारहाणीच्या आरोपावरून अधीक्षकासह सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली. तमिळनाडू सरकारने निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांची एकसदस्य समिती नेमली. ज्या गावात १८८७ साली मुलांना तुरुंगापासून वाचवण्यासाठी शाळा निघाली, त्याच गावात एकशे पस्तीस वर्षांनी ही वेळ आली.

यावर उपाय नाही असे नाही, आणि याचा पुरावा आपल्याला दूरच्या एका राज्यात मिळतो. अमेरिकेतल्या मिसुरीने बूनव्हिल येथील आपली मोठी, मारहाणीसाठी कुप्रसिद्ध असलेली सुधारशाळा १९८३ साली बंद केली. त्याऐवजी राज्यभर छोटी गृहे काढली. दहा-बारा मुलांचा एक गट, तोच गट दिवसभर एकत्र, आणि पहारेकऱ्यांच्या जागी प्रशिक्षित माणसे. पुढे या गृहांचा अभ्यास झाला तेव्हा आढळले, की इतर राज्यांतील अशा संस्थांच्या तुलनेत इथे मुलांवरचे हल्ले तर कमी होतेच, कर्मचाऱ्यांवरचे त्याहूनही कमी होते. दोन्ही आकडे एकत्र उतरले. संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या हवाना नियमांतही हेच जोडून मांडले आहे: मुले असलेल्या संस्थेत कर्मचाऱ्याने शस्त्र बाळगू नये, आणि त्याच कर्मचाऱ्याला पुरेसा पगार व व्यावसायिक दर्जा मिळावा.

आपल्या कायद्यात तपासणी समित्या आहेत. त्यांनी दर तीन महिन्यांनी निदान एकदा प्रत्येक संस्थेला भेट द्यायची असते. स्वयंपाकघर, अंथरुणे, नोंदवह्या त्या पाहतात. त्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: रात्रपाळीचा तक्ता. काल रात्री इथे किती मुले होती, किती मोठी माणसे जागी होती, आणि त्यांतल्या प्रत्येकाला या कामाचे शिक्षण कधी मिळाले? उत्तर कागदावर घ्यावे, आणि मग त्या माणसाला आणि एखाद्या मुलाला वेगवेगळे बसवून तोच प्रश्न विचारावा. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर पुढची बातमी कुठून येणार आहे हे समितीला आधीच कळलेले असेल.