आईचं कूळ

मुलोगोली आणि त्याची बायको कालियेसा सरोवराकडून आले, डोंगराच्या आसऱ्याला थांबले आणि तिथेच त्यांचा संसार वाढला. पश्चिम केनियातल्या लोगोली लोकांचा इतिहास घरातली जाणती माणसं इथून सुरू करतात. सरोवर म्हणजे व्हिक्टोरिया. डोंगर म्हणजे विषुववृत्ताला लागून असलेल्या, मोठमोठ्या शिळांच्या मारागोली टेकड्या. या जोडप्याला चार मुलगे झाले: मुसाली, किझुंगू, किरिमा आणि मावी. लोगोलींची मोठी कुळं या चौघांच्या नावांनी ओळखली जातात, आणि कूळ विचारलं की माणूस बापापासून मागे मागे जात यांच्यापैकी एकापाशी पोचतो.

केनियातल्या किसुमू शहरात शिकवत असताना शाळेतल्या एका लोगोली मैत्रिणीने मला नाताळात तिच्या घरी नेलं. त्या दिवसांत नैरोबीहून, मोंबासाहून माणसं घरी परततात आणि 26 डिसेंबरला एम्बाले गावात लोगोलींचा सांस्कृतिक मेळा भरतो. पण माझ्या लक्षात राहिले ते मैत्रिणीचे आजोबा. आजोबांना तिथे ‘गुगा’ म्हणतात, आजीला ‘गुकू’. मीही त्यांना गुगाच म्हणू लागले.

जेवणात मक्याच्या पिठाची उगाली, पालेभाजी आणि कोंबडी होती. घरच्या सुनेने कोंबडीचा पोटा वेगळा काढून गुगांच्या ताटात वाढला. तो घरातल्या कर्त्या पुरुषाचा मान. पंक्तीतल्या एकाही मुलाने त्याच्याकडे हात केला नाही. कोण कोणाच्या पुढे आणि कोण कोणाच्या मागे, हे तिथली पोरं जेवतानाच शिकतात.

जेवणं झाल्यावर गुगांनी माझी चौकशी केली. वडील कोण, गाव कुठलं, हे विचारून झालं आणि लगेच पुढचा प्रश्न आला: आईचं कूळ कुठलं? मला वाटलं, पाहुणीची आपुलकीने केलेली विचारपूस आहे. मैत्रिणीने समजावलं, या प्रश्नाचं उत्तर इथे प्रत्येकाला यावंच लागतं. लोगोली माणसाला स्वतःच्या कुळात लग्न करता येत नाही, आणि आईच्या कुळातही नाही. सोयरीक ठरवताना जाणती माणसं आज्यांच्या माहेरापर्यंत मागे जाऊन बघतात.

मी सांगितलं, आमच्या महाराष्ट्रात बऱ्याच घरांत मामाची मुलगी करून आणतात आणि ती सोयरीक चांगली मानतात. गुगा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे मामाच सासरा होणार? मग तो पोरगा त्या घरी वागणार कसा?”

त्या प्रश्नात त्यांची सगळी नातेव्यवस्था होती. मामाला ते ‘कोझा’ म्हणतात. कोझाच्या घरी भाच्याने हक्काने जावं, हट्टाने मागून खावं. सासुरवाडीला मात्र जावयाने दबून राहायचं, सासूच्या समोरही सहसा यायचं नाही. एकाच उंबरठ्यावर हक्क आणि संकोच दोन्ही नांदणार कसे? आमच्याकडे ते नांदतात, आणि सुखाने नांदतात. पण त्यांच्या बाजूने पाहिलं तर गुगांचा पेच खरा होता.

आत्याला ‘सेंगे’ म्हणतात. बहिणीच्या लग्नात तिच्या सासरकडून आलेल्या गाई भावाच्या लग्नात द्यायच्या, अशी जुनी रीत होती. म्हणजे भावाच्या घरात सून आली ती बहिणीच्या गाईंवर. त्यामुळे सेंगेचा शब्द माहेरी जड असतो, आणि लग्नाच्या वयाच्या भाचीला चार गोष्टी समजावून सांगण्याचा अधिकारही तिचाच. आजोबा-आजी आणि नातवंडं यांच्यात मात्र कसलाच आडपडदा नसतो. थट्टा, चिडवाचिडवी सगळं चालतं. बापाला जे विचारता येत नाही ते आजोबांना विचारता येतं. जुन्या गोष्टी एका पिढीला वगळून पुढे जातात त्या याच मोकळेपणामुळे.

या गोष्टींना कागदाचा आधार नसला तरी इतिहासाचा आहे. गुगा म्हणाले होते, “किसी आणि कुरिया आमचे भाऊ.” किसी लोक राहतात दूर दक्षिणेला, मध्ये सगळा लुओ लोकांचा मुलूख. सरकारदरबारी लोगोली लोक लुह्या समाजात मोडतात. ती एकत्र ओळख 1930-40च्या सुमारास रुजली. पण भाषाशास्त्रज्ञांनी लोगोली भाषा तपासली तेव्हा ती शेजारच्या लुह्या बोलींपेक्षा किसी आणि कुरिया भाषांना जवळची निघाली. ग्युंटर वाग्नर या जर्मन मानववंशशास्त्रज्ञाने 1930च्या दशकात लोगोलींमध्ये राहून त्यांच्या चालीरीती नोंदवल्या. पुढे केनियाचेच इतिहासकार गिडियन वेरे यांनी गावोगावच्या वृद्धांच्या साक्षी आणि वंशावळी जमवून 1967 साली लुह्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. आजोबांच्या तोंडची गोष्ट ऐकणाऱ्याला नुसती करमणूक वाटू शकते. वेरे यांनी ती पुरावा म्हणून तपासली.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते आईच्या कुळाचं. मूळपुरुषाबरोबर कालियेसाचं नाव टिकलं आहे, हीच मोठी गोष्ट. पुढच्या पिढ्या मोजताना मात्र गुगाही बाप, बापाचा बाप असेच मोजत गेले. तरीही बायका पुसल्या गेल्या नाहीत, कारण लग्नाच्या नियमाने प्रत्येकाला आईचं कूळ पाठ करायला लावलं. नियम सोयरिकीसाठी होता. त्याने बायकांचा इतिहास राखला. आमच्या घरच्या वंशावळीत सात पिढ्यांचे पुरुष आहेत आणि एकाही बाईचं माहेर नाही. ती वंशावळ मला आता अर्धीच वाटते.

लोगोलींच्या मुलखावर आज मोठा ताण आहे. 2019च्या जनगणनेत त्यांच्या व्हिहिगा काउंटीत चौरस किलोमीटरला हजाराहून जास्त माणसं होती. बापाची जमीन मुलांत वाटता वाटता तिचे वाफे उरले. तरुण नैरोबीच्या कांगेमीसारख्या वस्त्यांत गेले, काही कुटुंबं केनियातल्याच लुगारीकडे, काही थेट युगांडात. मृत्यू आला की माणसाला घरच्या अंगणात पुरण्यासाठी गावी आणतात, इतकी ओढ अजून आहे. पण शहरात वाढणाऱ्या मुलाला सेंगे आणि कोझा सुट्टीपुरते भेटतात, आणि गुगांच्या शेजारी बसायला संध्याकाळ मोकळी नसते. नाती वापरात राहिली तरच घरोघरची ही वंशावळ राहील, कारण ती बहुतेक घरांत लिहिलेली नाही.

आपल्याकडे लिहायची सोय आहे, वह्या आहेत. घरची वंशावळ काढा आणि प्रत्येक पुरुषाच्या नावाशेजारी त्याच्या आईचं नाव, तिचं माहेर आणि तिच्या भावांची नावं लिहा. आजी असेल तर तिच्या आजीचंही विचारा. हे सांगू शकणारं माणूस घरात आहे तोवरच हे काम होतं, म्हणून ते येत्या सुट्टीतच करा.