शूमान, क्लारा
(१३ सप्टेंबर १८१९–२० मे १८९६). प्रख्यात जर्मन पियानोवादिका व संगीतरचनाकार. माहेरचे नाव क्लारा व्हीक. जन्म लाइपसिक येथे. १८२५ मध्ये आईवडिलांचा घटस्फोट झाल्यावर तिचे संगोपन व शिक्षण वडील फ्रीड्रिख व्हीक याच्याच हाती राहिले. पियानोशिक्षक म्हणून तो नामांकित होता. नित्याचे पाठ, नेमका सराव व मोकळ्या हवेतील लांब फेरफटका, अशी त्याची शिस्त असे. नुसत्या वेगापेक्षा गाता, सुरेल स्पर्श साधण्यावर त्याचा भर होता. तिची रोजनिशीसुद्धा आरंभी तोच, तिच्या नावे आणि प्रथमपुरुषी, लिहीत असे. त्याच्या वर्चस्वाची कल्पना यावरून यावी. १८२८ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, तिने लाइपसिकच्या गेव्हांटहाउस सभागृहात प्रथम वादन केले. १८३० मध्ये तेथेच तिची स्वतंत्र मैफल झाली. व्हिएन्ना येथील मैफलींनंतर १८३८ मध्ये ऑस्ट्रियाच्या दरबाराने तिला सन्माननीय वादकाचा किताब दिला. व्हीकचा शिष्य व संगीतकार रॉबर्ट शूमान याच्याशी विवाह करण्यास मात्र वडिलांनी कडवा विरोध केला. अखेर न्यायालयाची अनुमती मिळवून १२ सप्टेंबर १८४० रोजी, एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ती विवाहबद्ध झाली.