जुन्या वाडग्याला नवी खाच नको

जुना लाकडी वाडगा नवा करायचा असेल तर त्याच्या बुडाला खाच पाडावी, त्या खाचेत लेथच्या चकचे जबडे फाकवून तो घट्ट धरावा आणि हत्यार चौफेर लागेपर्यंत आतून-बाहेरून कातत राहावे, हा सल्ला लाकूड कातणाऱ्यांत आज जवळपास सर्वमान्य आहे. तो देणारे लोक अनुभवी आहेत. त्यांच्या हातच्या नव्या वाडग्यांविषयी मला आदरच आहे. पण जुन्या वाडग्याच्या बाबतीत त्यांचा सल्ला चुकीचा आहे, आणि ही चूक एकदा झाली की दुरुस्त होत नाही. म्हणून तिच्यावर सविस्तर बोलणे भाग आहे.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू. पहिले म्हणणे असे की जुना वाडगा गोल राहिलेला नसतो. तो तसाच फिरवला तर पॉलिशपेपर फक्त उंच भागांना लागतो, बाकीच्या भागाला लागतच नाही. तेव्हा आधी तो गोल करणे क्रमप्राप्त आहे. दुसरे म्हणणे सुरक्षेचे. फिरणारे लाकूड निसटले तर माणूस जखमी होतो, आणि पोलादी जबड्यांइतकी खात्रीची पकड दुसरी नाही. तिसरे म्हणणे व्यवहाराचे. वर्षानुवर्षांचे तेल, मळ आणि कसले तरी जुने पॉलिश घासत बसण्यापेक्षा हत्याराच्या एका फेरीत स्वच्छ लाकूड उघडे पडते. यांतले एकही म्हणणे पोकळ नाही. म्हणूनच प्रत्येकाचे उत्तर द्यायला हवे.

पहिला प्रश्न असा की वाडगा गोल का राहिला नाही? अमेरिकेत जुन्या वस्तूंच्या दुकानांत कणीक मळण्याचे मोठे मेपलचे वाडगे अजून मिळतात. मिशिगन राज्यातल्या म्युनिसिंग या गावी बनलेल्या, गावाच्या नावाचा शिक्का असलेल्या वाडग्यांना तर संग्राहकांत विशेष मागणी असते. आपल्याकडच्या काठवटीचे हे दूरचे भाऊबंद. असे वाडगे पुष्कळदा ओल्या लाकडातून कातले जात, कारण ओले लाकूड मऊ असते आणि हत्यार त्यात सहज चालते. मग लाकूड वाळते आणि आक्रसते, पण सगळ्या दिशांना सारखे नाही. हार्ड मेपल पूर्ण ओले असल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत वार्षिक कड्यांच्या दिशेने सुमारे 10 टक्के आकसते, गाभ्याकडून सालीकडे सुमारे 5 टक्के, आणि तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. घरातले लाकूड पूर्ण कोरडे कधीच होत नसल्यामुळे प्रत्यक्षातले आकसणे याहून थोडे कमी असते. तरी परिणाम एकच. गोल कातलेला वाडगा तंतूंच्या दिशेने लांब राहतो, आडव्या दिशेने अरुंद होतो.

आता हिशेब करू. एका दिशेने 40 सेंटिमीटर आणि दुसऱ्या दिशेने 38 सेंटिमीटर असा वाडगा घ्या. म्हणजे आकसणे फक्त 5 टक्के धरले. भिंतीची जाडी 12 मिलिमीटर. बाहेरून गोल करायचा तर अरुंद बाजूच्या मापापर्यंत उतरावे लागेल, म्हणजे बाहेरची त्रिज्या 190 मिलिमीटर. आतून गोल करायचा तर लांब बाजूच्या मापापर्यंत जावे लागेल. लांब बाजूची बाहेरची त्रिज्या 200, त्यातून भिंतीचे 12 वजा केले की आतली त्रिज्या 188. बाहेरून 190 आणि आतून 188. मग भिंत उरली किती? दोन मिलिमीटर. हाही हिशेब वाडगा अचूक मध्यावर बसला असे गृहीत धरून. चकमध्ये तो तीन मिलिमीटर सरकला तरी हत्यार भिंतीच्या आरपार जाईल. ज्याला दुरुस्ती म्हणतात ती इथे वाडग्याचा शेवट ठरते.

आणि गोल का करायचा? त्याची लंबगोलाई हा दोष आहे, हेच मुळात कोणी ठरवले? हा वाडगा ओल्या लाकडातून कातला गेला आणि नंतर वापरात वाळत गेला, याचा तो पुरावा आहे. जाणकार खरेदीदार जुन्या वाडग्याचे दोन व्यास मोजून पाहतो तो याचसाठी. ते दोन व्यास सारखे करणारा माणूस वाडग्याचा पुरावा पुसतो. पॉलिशपेपर सगळीकडे लागत नाही ही अडचण खरी, पण तिचे उत्तर लाकूड कापणे हे नव्हे. लेथ थांबवणे हे आहे. त्याकडे पुढे येतो.

दुसरा मुद्दा पकडीचा. चार जबड्यांचा चक एका ठराविक व्यासालाच खरा गोल असतो. त्याहून लहान किंवा मोठ्या मापाला जबडे पूर्ण टेकत नाहीत. बूडही वाडग्याबरोबर लंबगोल झालेले असते. म्हणजे असलेले बूड धरले तर चार जबड्यांपैकी दोनच नीट बसतात. नवी खाच पाडली तर ती गोल होते खरी, पण बुडाची जाडी किती, आत जुनी चीर आहे का, स्क्रूची भोके भरून बुजवली आहेत का, हे बाहेरून दिसत नाही. फाकणारे जबडे लाकडाला आतून बाहेर रेटतात, आणि लाकूड तंतूंच्या ओळीत फाटायला तयारच असते. ज्या पकडीला खात्रीची म्हणतात, ती जुन्या बुडात फाटीला आमंत्रण देते. ही सुरक्षा कशी?

शिवाय धोका पकडीइतकाच वेगात असतो. 40 सेंटिमीटरच्या वाडग्याचा काठ मिनिटाला 1000 फेऱ्यांना ताशी सुमारे 75 किलोमीटर वेगाने फिरतो. 250 फेऱ्यांना हाच वेग 19 किलोमीटरवर येतो, आणि बाहेर फेकणारे बल सोळाव्या हिश्शावर. कातायचेच नसेल तर इतका वेग हवा कशाला? कातण्याचा आग्रह सोडला की पोलादी पकडीची गरजही बरीचशी संपते.

बुडाची आणखी एक बाजू आहे. वाडग्याचे बूड म्हणजे त्याचे जन्मपत्र. शिक्का, सही, फेसप्लेटच्या स्क्रूंच्या खुणा, कागद मध्ये घालून सरसाने चिकटवलेल्या ठोकळ्याचा डाग, हे सारे तिथेच सापडते. 1545 साली बुडालेल्या आणि 1982 साली वर काढलेल्या मेरी रोझ या इंग्रज युद्धनौकेवरच्या कातीव लाकडी भांड्यांवर मालकांनी ओरखडलेल्या खुणा आहेत. खलाशांची व्यक्तिगत ओळख त्यांतून आपल्यापर्यंत पोहोचली. इंग्लंडमधल्या बकलबरीचा जॉर्ज लेली 1958 साली वारला तोपर्यंत पायाने चालवायच्या लेथवर एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे वाडगे काढत असे. त्याचा लेथ आज रेडिंगच्या ग्रामजीवन संग्रहालयात आहे. तसल्या लेथवर कातलेल्या वाडग्याच्या बुडाच्या आतल्या बाजूला, मध्यावर, गाभा तोडून सुरीने तासल्याची जागा दिसते. खाच पाडताना बाहेरच्या खुणा जातात, आणि आतून कातताना ही जागा.

तिसऱ्या मुद्द्याला फार वेळ नको. जुने पॉलिश कोणते ते कळले की ते निघते. लाखेचे पॉलिश स्पिरिटच्या बोळ्याने विरघळते, नायट्रोसेल्युलोज लॅकर थिनरने. तेल मुरवलेल्या लाकडाला स्क्रेपर पुरतो. रंगवलेला जुना वाडगा मात्र घासूही नये आणि कातूही नये, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते. अमेरिकेने घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी घातली ती 1978 साली.

मग वाडगा लेथवर लावायचाच नाही का? जरूर लावावा. फेसप्लेटवर घुमटाकार लाकडी ठोकळा बसवावा, त्यावर जाड फोम किंवा चामडे लावावे, वाडगा त्यावर पालथा घालावा आणि बुडाशी नमद्याचा तुकडा ठेवून टेलस्टॉकच्या फिरत्या सेंटरने दाबावा. दाब अक्षाच्या ओळीत पडतो, लाकूड फाटण्याच्या दिशेने नाही. हाताने फिरवून, स्थिर पेन्सिलीने उंच भाग टिपून, मध्य साधावा. आतल्या बाजूसाठी बूड मऊ गादीवर टेकवून काठावर अस्तर लावलेले प्लायवूडचे कडे लांब बोल्टने आवळावे. काठ शेवटी हाताने घासावा. हवा ओढून धरणारा व्हॅक्यूम चक उत्तम, पण चिरलेल्या वाडग्यात हवा गळते, म्हणून तिथे त्यावर विसंबू नये.

आणि मुख्य गोष्ट ही की लेथचा दांडा फिरणार नाही असा अडकवावा. ड्रिलला मऊ गादीची चकती लावून एक भाग घासावा, वाडगा थोडा फिरवावा, दांडा पुन्हा अडकवावा, पुढचा भाग घ्यावा. लंबगोल भिंतीला चकती सगळीकडे सारखी लागते. इथे लेथ मोटर म्हणून नव्हे, धारक म्हणून काम करतो: हव्या उंचीला, हव्या कोनात, दोन्ही हात मोकळे ठेवून. शेवटचे तेल चोळताना तो संथ फिरवला तरी चालतो.

यावर कोणी म्हणेल, वाडगा माझा, मी काहीही करीन. तो हक्क मान्य आहे. पण पॉलिश बिघडले तर पुन्हा काढता येते. कातलेले लाकूड पुन्हा जोडता येत नाही.

एक गोष्ट मात्र पूर्वपक्षाला मोकळ्या मनाने द्यायला हवी. वाळलेल्या लाकडाचा, जाड भिंतीचा, बिनशिक्क्याचा कारखानी वाडगा असेल आणि दोन व्यासांत फरक मिलिमीटरभरही नसेल, तर तो खुशाल कातावा.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच. हत्यार उचलण्यापूर्वी तंतूंच्या दिशेचा व्यास मोजा, त्याला आडवा व्यास मोजा, भिंतीची जाडी मोजा. दोन व्यासांतल्या फरकाचे निम्मे करून ते जाडीतून वजा करा. जे उरेल ते पाहून निकाल तुम्हीच द्या.