बैलांच्या तांड्यापासून वजनकाट्यापर्यंत

दरवर्षी स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळी आम्हाला बिदरच्या किल्ल्यावर नाहीतर महमूद गवानच्या मदरशावर लिहायला सांगतात. यंदा आम्ही हट्टाने विषय बदलून घेतला. किल्ल्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्ही सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन सरकारी नोकरीत लागलो आणि वीसेक वर्षं रस्त्यांवरच काढली. त्यामुळे आम्हाला जे थोडंफार कळतं ते रस्त्यातलं, आणि रस्त्याचा इतिहास म्हणजे त्यावरून गेलेल्या ओझ्याचा इतिहास. उत्सवाच्या अंकात ट्रकवर लेख कशाला, असं कोणी म्हणेल. पण ज्या फरशीवर उभे राहून आपण आरती म्हणतो ती शहाबादची फरशीसुद्धा ट्रकच्या हौद्यातूनच आली आहे.

ओझ्याची गोष्ट आमच्या भागात तांड्यापासून सुरू होते. आज कलबुर्गी जिल्ह्यात जागोजागी लमाणी तांडे दिसतात, ती एके काळची या मुलखाची मालवाहतूक होती. सतराव्या शतकात दख्खनमधून फिरलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे धान्य आणि मीठ वाहणारे तांडे पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. एका बैलाच्या पाठीवर दीडशे किलोच्या आसपास माल. इथे वजनाची मर्यादा कोणत्या सरकारने घालायची गरजच नव्हती. जास्त लादलं की बैल बसायचा. मर्यादा बैलाच्या पाठीतच होती आणि तिला लाच देता येत नव्हती.

मग रेल्वे आली. 1871 मध्ये सोलापूरकडून येणारी जीआयपी रेल्वेची लाइन गुलबर्गा, शहाबाद, वाडीवरून रायचूरला पोचली, आणि 1874 मध्ये वाडीहून सिकंदराबादला निजामाची रेल्वे सुरू झाली. शहाबादच्या खाणी रुळाला लागून असल्यामुळे फरशी पुण्या-मुंबईकडे जायला लागली. पण रूळ जिथे नव्हते त्या हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद, औराद या बाजूंना बैलगाडीशिवाय इलाज नव्हता. हुमनाबादवरून बिदर ते कलबुर्गी अशी रेल्वे धावायला तर 29 ऑक्टोबर 2017 उजाडावं लागलं. त्यामुळे मधल्या सगळ्या काळात या दोन जिल्हा ठिकाणांमधला माल रस्त्यानेच गेला, हे ध्यानात ठेवावं.

बैलगाडी आपल्याला गरीब वाटते, पण रस्त्याला ती फार जाच करायची. चाकाला लोखंडी धाव, तीही दोन-तीन बोटं रुंद. सगळं ओझं त्या अरुंद पट्टीवर. खडी-मुरमाच्या रस्त्यावर चाकोऱ्या पडायच्या आणि पावसाळ्यात त्या चाकोऱ्यांचे ओढे व्हायचे. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी आणि लॉऱ्या वाढल्या तसे हे रस्ते पार उखडले, आणि 1927 मध्ये सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, तेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. आपल्या मंडळींना जयकर कायदेपंडित म्हणून आणि पुण्याच्या जयकर ग्रंथालयामुळे माहीत असतात. रस्तेवाल्यांसाठी मात्र ते मूळपुरुष आहेत. त्यांच्या शिफारशीवरून 1929 मध्ये पेट्रोलवर जादा कर बसवून रस्त्यांसाठी निधी उभा झाला, आणि 1934 मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था निघाली. आजही आम्ही एखादी मोरी बांधतो ती त्याच संस्थेच्या पुस्तकात बघून.

लॉरीच्या वजनावर कायद्याने नीट बोट ठेवलं ते 1939 च्या मोटार वाहन कायद्याने. गाडी नोंदवताना ती रिकामी किती आणि भरून किती हे लिहायचं, आणि त्यावर माल न्यायचा नाही. आमचे ड्रायव्हर लोक याला आजही 'पासिंग' म्हणतात. 'गाडी किती टन पासिंग?' हा ट्रान्सपोर्टच्या धंद्यातला पहिला प्रश्न. या कायद्यामागे रस्त्याची काळजी होती तशी रेल्वेचीही होती. लॉरीवाले रेल्वेचा माल पळवतात ही तेव्हाची मोठी तक्रार होती. निजामाच्या राज्यात या भांडणावर वेगळाच तोडगा निघाला होता. तिथे रेल्वेनेच 1932 मध्ये 27 बसगाड्या घेऊन रस्त्यावरची वाहतूक सुरू केली. आपलीच रेल्वे, आपलीच मोटार.

1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्य मोडलं. बिदर आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात आले, बिदर जिल्ह्यातलेच उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, झहीराबाद आंध्रात. घरोघरी सोयरिकींची काय ओढाताण झाली ते सांगायला नको. ट्रकवाल्याचंही तेच झालं. उदगीरहून बिदरमार्गे झहीराबादला जाणारी गाडी काल एका राज्यात होती, ती आज तीन राज्यांतून जाऊ लागली. तीन परवाने, तीन कर, तीन नाके. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर हुमनाबादजवळ ट्रकांची रांग आमच्या पिढीने लहानपणापासून पाहिली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके उठले, तेव्हा कुठे ती रांग आखडली. पण वजन तपासायचं काम कराबरोबर गेलं नाही. ते आरटीओकडे राहिलं.

आता थोडं आमच्या शास्त्राचं. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ऑटावा गावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यावरून दिवसरात्र ट्रक फिरवले, रस्ता कधी मरतो ते पाहायला. त्यातून निघालेला हिशोब असा की आसावरचं वजन दुप्पट केलं तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, जवळजवळ सोळा पट होतं. आम्ही रस्त्याची जाडी ठरवताना 8.16 टनाचा आस एक धरतो. 10.2 टनाचा आस गेला की रस्त्याच्या आयुष्यातून सुमारे अडीच आस वजा होतात. 15 टनाचा गेला की अकराच्या वर. म्हणून पंधरा वर्षांसाठी बांधलेला रस्ता पाच वर्षांत झोपतो, आणि लोक म्हणतात इंजिनिअरने डांबर खाल्लं. खाणारे नसतात असं आमचं म्हणणं नाही. पण प्रत्येक खड्डा डांबरखाऊ नसतो.

आणि आमच्या भागाचा माल तरी बघा कसला. ऊस किंवा कडबा भरला तर गाडी आधी दिसायला भरते. शहाबादची फरशी, सेडम-मळखेड-वाडीचं सिमेंट आणि वाळू यांचं उलट. फरशीचा एक घनमीटर म्हणजे अडीच टनांच्या वर. दहा चाकी गाडीत सोळा टन फरशी बसवली की हौद्यात ती पावणेदोन फुटांचीच थर होते. वर सगळा हौदा रिकामा. त्या रिकाम्या हौद्याकडे पाहून मालकाला मोह होतो, भाडं टनावर ठरलेलं असतं, आणि खाणीवरचे हमाल आणखी दोन थर चढवतात. गाडीचे पाटे सरळ होईपर्यंत.

सध्याचा कायदा 1988 चा, लागू झाला 1 जुलै 1989 पासून. 1996 मध्ये केंद्राने आसांची वजनं ठरवली: मागच्या चार टायरच्या आसाला 10.2 टन, जोड आसाला 19 टन, दहा चाकी गाडी एकूण 25 टन. जास्त भरलं तर दोन हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक टनाला एक हजार. याच कायद्याच्या 114 व्या कलमात एक साधी गोष्ट लिहिली आहे. अधिकाऱ्याला संशय आला तर पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरच्या आत असलेल्या काट्यावर गाडी न्यायची, आणि जास्त निघालेला माल तिथेच उतरवायला लावायचा, ड्रायव्हरच्या जबाबदारीवर. उतरवल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

सगळं घोडं अडलं ते इथे. दंड घेणं सोपं, माल उतरवणं अवघड. रात्री दोन वाजता माळावर चार टन फरशी उतरवायची कोणी, ठेवायची कुठे, राखायची कोणी? मग काही राज्यांनी आणखी सोपी वाट काढली. महिन्याची ठरावीक रक्कम भरा, कार्ड घ्या, आणि जास्त माल बिनधास्त न्या. 'गोल्ड कार्ड' नाव होतं त्याला. ज्या वजनाला कायद्याने बंदी होती त्याला सरकारी पावती मिळू लागली. 9 नोव्हेंबर 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमजित भसीन यांच्या याचिकेवर निकाल देऊन हे बंद केलं. दंड भरला म्हणजे जास्तीचं वजन कायदेशीर होत नाही, माल उतरलाच पाहिजे, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. आमच्या मते या देशातल्या रस्त्यांच्या दृष्टीने जयकर समितीनंतरचा हाच मोठा कागद. तो किती पाळला गेला हे रस्त्यावर दिसतंच.

जुलै 2018 मध्ये केंद्राने मर्यादाच वाढवली. 10.2 चा आस 11.5 चा झाला, दहा चाकी 25 वरून 28.5 वर गेली. वाहतूक स्वस्त होईल आणि ओव्हरलोड कमी होईल हा विचार होता, आणि नव्या गाड्यांचे आस-टायर पूर्वीपेक्षा दणकट आहेत हेही खरं. पण गाडी दणकट झाली म्हणून तिच्याखालचा जुना रस्ता दणकट होत नाही. आसावरचं वजन आठव्या हिश्श्याने वाढलं, तर वरच्याच हिशोबाने प्रत्येक फेरीचा मार दीडपटीहून जास्त झाला. पुढे 1 सप्टेंबर 2019 पासून दंड वीस हजार आणि टनाला दोन हजार झाला. आकडा जबर आहे. पण काट्यासमोर उभा असतो तो पगारी ड्रायव्हर. ड्रायव्हर मालक नसेल तर गुन्हा मालकाला ठाऊक होता असं न्यायालयाला धरता येईल, अशी तरतूद कायद्यात आहे. ती वापरलेली आम्ही फारशी पाहिली नाही.

काही वर्षांपूर्वी हुमनाबाद-कलबुर्गी रस्त्यावर आम्ही आसभाराची पाहणी करत होतो. चाकाखाली ठेवायचे काट्याचे पाट, एक कंदील, दोन मदतनीस, बरोबर एक पोलीस. दंड करायचा नव्हता, नुसतं वजन लिहायचं होतं. पण हे ट्रकवाल्यांना कोण सांगणार? पहिल्या तासात आठ-दहा गाड्या आल्या, मग रस्ता एकदम शांत. उमरग्याकडचा एक वयस्क ड्रायव्हर फरशी घेऊन तेवढा आला. त्याला म्हटलं, काका, गाडी फार बसलीय. तो म्हणाला, "साहेब, पाटे बघून मला किलोपर्यंत वजन कळतं. खाणीवर मी सांगितलं होतं, एवढं नको. तर मालक फोनवर म्हणाला, तू नेत नसशील तर दुसरा ड्रायव्हर आहे." त्याने वजन करून घेतलं, आकडा विचारला, मान हलवली आणि म्हणाला, मी सांगितला होता तेवढाच आहे. फरक निघाला तो दीडशे किलोचा. एका बैलाचं ओझं.

बाकीचे ट्रक कुठे गेले ते पहाटे कळलं. मागे तीन किलोमीटरवरच्या ढाब्यावर सगळे दिवे मालवून रांगेने उभे होते, ड्रायव्हर बाजेवर झोपलेले. पाच वाजता आम्ही पाट गुंडाळून जीपमध्ये टाकले. चहा प्यायला त्याच ढाब्यावर थांबलो, तर आमची जीप पाहून पोऱ्याने आरोळी दिली, आणि ग्लास तोंडाला लावेपर्यंत एकामागून एक इंजिनं सुरू झाली.