फुगवट्यातला भोवरा

मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं आहे. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६६४ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला विलिसचं कडं म्हणतात. या कड्यात जिथे धमनीला फाटा फुटतो, तिथे कधीकधी भिंत कमजोर पडून बाहेर फुगते. हाच अ‍ॅन्युरिझम, परिभाषेत धमनीविस्फार. शंभर प्रौढांमागे साधारण तिघांच्या डोक्यात असा फुगवटा असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ता जन्मभर लागत नाही. फुटला तर मात्र जिवावर बेततं. कोणता फुटेल हे आधी कळावं, या निकडीपोटी फुगवट्यातलं रक्त संगणकावर वाहवून पाहण्याची विद्या वाढली.

तिचं मूळ संगणकाहून फार जुनं. गणितज्ञ ऑयलरने १७७५ साली लवचीक नळीतून वाहणाऱ्या रक्ताची समीकरणं मांडली आणि ती आपल्याच्याने सुटत नाहीत, हेही लिहून ठेवलं. तो निबंध छापून आला १८६२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ७९ वर्षांनी. मधल्या काळात फ्रान्सच्या नाविएने १८२२ मध्ये आणि केंब्रिजच्या स्टोक्सने १८४५ मध्ये चिकट द्रवाच्या गतीची समीकरणं दिली. आजही हिशेब त्यांचाच. पण वाकड्यातिकड्या धमनीत, ठोक्यागणिक वेग बदलणाऱ्या रक्तासाठी ती कागदावर सुटत नाहीत. जागेची बारीक जाळी विणून एकेका घरातला आकडा काढावा लागतो.

तिथे एक पेच होता, दाबाचा. वेगाचं समीकरण आहे; दाबाला स्वतःचं समीकरणच नाही. दाब माहीत असल्याशिवाय वेग निघत नाही आणि वेग काढल्याशिवाय दाब बरोबर होता का, ते कळत नाही. यावर १९६० च्या दशकापासून अमेरिकेतल्या लॉस अ‍ॅलामॉसच्या प्रयोगशाळेसह बऱ्याच ठिकाणी तोडगे निघाले. त्यांतला सर्वांत दूरवर पोचलेला तोडगा एका पुणेकराचा आहे. सुहास पाटणकर १९४१ साली पुण्यात जन्मले, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९६२ मध्ये पदवी घेऊन आयआयटी मुंबईत शिकले आणि लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात १९६७ मध्ये पीएचडी झाले. गुरू ब्रायन स्पॉल्डिंग यांच्यासोबत १९७२ मध्ये त्यांनी जी रीत प्रसिद्ध केली, तिच्या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांनी शब्द होतो ‘सिंपल’.

रीत अशी. आधी दाब अंदाजाने धरा आणि त्यावरून वेग काढा. मग घरोघर जमाखर्च तपासा: जेवढा द्रव आत आला तेवढाच बाहेर गेला का? अंदाज चुकला असेल तर कुठे द्रव साचलेला दिसेल, कुठे तुटीत. साचला असेल तिथला दाब वाढवा, तूट असेल तिथला उतरवा, पुन्हा वेग काढा. तूट नगण्य होईपर्यंत हेच. चूकच पुढची दुरुस्ती किती करायची ते सांगते, हे मला या रीतीचं खरं सौंदर्य वाटतं. धमनीविस्फाराचे सगळेच हिशेब या वाटेने होत नाहीत, पण प्रवाहाच्या ज्या सॉफ्टवेअरांवर जगभर कामं चालतात, त्यांतल्या अनेकांत ‘सिंपल’ किंवा तिची पोरंबाळं आहेत.

गणित तयार होतं. रुग्णाच्या धमनीचा आकार मात्र हाती नव्हता. लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये मेंदूच्या धमन्यांचा पहिला एक्स-रे काढला खरा, पण ती सपाट सावली. त्यामुळे अभ्यास काचेच्या नळ्यांवर नि कल्पित गोलांवर चाले. रुग्णाभोवती फिरत चित्रं घेणारी यंत्रं आली, तेव्हा कुठे फुगवट्याचं त्रिमित रूप मिळू लागलं. कॅनडात डेव्हिड स्टाइनमन यांच्या गटाने २००३ मध्ये एका महाकाय फुगवट्यातला प्रवाह असा रुग्णाच्याच चित्रांवरून उभा केला.

पुढच्याच वर्षी जपानच्या मासाकी शोजिमा आणि सहकाऱ्यांनी २० फुगवटे तपासले. रक्त भिंतीला घासून जाताना जो ताण पडतो, तो फुटलेल्या फुगवट्यांच्या टोकाशी बराच कमी निघाला. अमेरिकेत हुआन सेब्राल यांच्या गटाने २००५ मध्ये ६२ फुगवट्यांत पाहिलं, तर फुटलेल्यांत बारीक, जोरकस धार भिंतीच्या छोट्याशा जागी आदळताना आढळली. दोष कमी ताणाचा की जास्त, हा वाद तेव्हापासूनचा. हुई मेंग यांनी २०१४ मध्ये दोन्ही वाटांनी भिंत खचू शकते, असं मांडलं. मला ते पटतं, पण समोरच्या रुग्णाचा फुगवटा कोणत्या वाटेवर आहे, हे त्याने ठरत नाही.

२०१२ मध्ये या हिशेबांचीच एक जाहीर परीक्षा झाली. एकच महाकाय फुगवटा, ठरवून दिलेला प्रवाह, आणि संशोधकांचे २५ गट. दाबाचे आकडे छान जुळले. बहुतेकांतला फरक ८ टक्क्यांच्या आत. फुगवट्यातल्या प्रवाहाची चित्रं मात्र पांगली. काळाचे तुकडे अतिशय बारीक केले होते अशा मोजक्याच गटांना ठोक्याच्या ऐन भरात रक्त अस्थिर होऊन थरथरताना दिसलं. इतरांच्या हिशेबात ते गुळगुळीत वाहत होतं.

त्या थरथरीची खूण जुनीच होती. कॅनडाचे न्यूरोसर्जन गॅरी फर्ग्युसन यांनी १९७० मध्ये शस्त्रक्रिया चालू असताना उघड्या फुगवट्याला ध्वनिग्राहक टेकवला होता, आणि रक्ताची गुणगुण त्यावर नोंदली गेली होती.